बाकावरची थाप

"नाही!" सुट्टेबाई ओरडल्या आणि त्यांनी तळहातानं बाकावर एक सणसणीत थाप मारली.

नेमकं तिथंच चुकलं. बसडेपोची जमीन विकायच्या ठरावावर महापौरांनी "मंजूर?" असं विचारलं होतं आणि बाईंच्याच पक्षाचे सगळे नगरसेवक "मंजूर, मंजूर" करत बाकं बडवत होते. विरोधक चहाच्या निमित्तानं आधीच बाहेर सटकले होते. त्यांचंही कुठंतरी जमलेलं होतं. त्या गदारोळात बाईंचं "नाही" वाहून गेलं. थाप तेवढी दिसली.

बाई अर्धं आयुष्य बसवर कंडक्टर होत्या. गाडी थांबवायची तर पत्र्यावर थाप मारायची, हे हाताच्या हाडात मुरलेलं. सुट्ट्या पैशांवरून भांडून भांडून हे नाव पडलं, आणि त्याच नावावर डेपोवाल्यांनी त्यांना नगरसेवक म्हणून निवडून दिलं. पण वर गॅलरीत बसलेल्या त्या डेपोवाल्यांनाही आज थापेचा अर्थ लागला नाही. बाईसुद्धा बाक बडवतायत, एवढंच त्यांनी पाहिलं.

"वाजवा बाई, वाजवा!" वरून आवाज आला. तो भोंग्याचा होता, बाईंच्या गाडीच्या जुन्या ड्रायव्हरचा. भोंगा कुजबुजला तरी चौकापर्यंत ऐकू जायचं. "आमचं पोट विकलंत, आता ढोल वाजवा!"

गेले काही दिवस हेच चाललं होतं. बाई पक्षाच्या मोटारीतून उतरताना दिसल्या, म्हणजे फुटल्या. पक्षाच्या बैठकीला गेल्या, म्हणजे विकल्या गेल्या. डेपोच्या कँटीनमध्ये त्या शिरल्या की टेबलं गप्प व्हायची. पक्षाच्या कचेरीत शिरल्या की तिथलीही. बाईंनी दोन्हीकडे जाणं काही सोडलं नव्हतं.

शेजारी बसलेले पक्षाचे नेते भाऊसाहेब त्यांच्याकडे झुकले. त्यांनी मात्र ते "नाही" ऐकलं होतं.

"कुणाला कळलं नाही, बाई," ते हसून पुटपुटले. "बरंच झालं. जमीन विकायची तर एकमत लागतं. एक जरी विरोधात गेला, तरी ठराव पुढच्या सभेपर्यंत लटकतो. आता गप्प बसा. पुढच्या निवडणुकीचं तिकीट माझ्याकडं लागलं."

"आणि बोलले तर?"

"तर तिकीट नाही."

बाईंना हसूच फुटलं. "भाऊसाहेब, जन्मभर मी तिकिटंच फाडली. मला तिकिटाची भीती घालताय?"

त्या उभ्या राहिल्या. "महापौर, हे आवाजी मतदान मला मान्य नाही. माणसं उभी करा आणि मोजा."

महापौरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी छताकडे पाहिलं. पण नियम होता, मोजावं लागलं. ठरावाच्या बाजूचे उभे राहिले. सगळं सभागृह उठलं आणि त्या पाठींच्या जंगलात बाई एकट्या बसून राहिल्या. मग ते बसले आणि बाई उठल्या. पोटरीत गोळा आला होता. तरी मोजणारा कारकून फिरत फिरत त्यांच्यापर्यंत येईस्तोवर त्या ताठ उभ्या होत्या.

"विरोधात, एक," कारकून म्हणाला. ठराव पुढच्या सभेपर्यंत लटकला.

भाऊसाहेबांचं हसू मावळलं. "राजीनामा लिहा. आत्ता."

"मी कशाला लिहू? काढायचं तर तुम्ही काढा. चारचौघांत, कारण सांगून."

जिन्यावर डेपोवाल्यांनी बाईंना घेरलं.

"चुकलो, बाई," भोंगा म्हणाला. हळू आवाजात तो पहिल्यांदाच काही बोलत असावा. लगेच मूळ पट्टीवर आला. "आता तो पक्षाचा बिल्ला फेका! सोडा असली माणसं. आपण आपला वेगळा झेंडा काढू."

बाईंचा हात बिल्ल्याकडे गेला. सगळे बघत राहिले. बाईंनी तो नुसता सरळ केला.

"पक्ष सोडू? हे भाऊसाहेब यायच्या आधीपासून याच्या भिंती मी रंगवल्यात."

आजूबाजूचे चेहरे पुन्हा आक्रसले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे शेवटी त्यांच्यातल्याच."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "भोंग्या, तू माझ्या गाडीवर किती वेळा रस्ता चुकलास?"

भोंगा चपापला. "चुकलो असेन की."

"मी उडी मारून पळाले कधी?"

"छे! शिव्या घातल्यात. उतारूंच्या देखत."

"आज त्यांना घातल्या."

"पण त्यांनी ऐकलंच नाही तर?"

बाईंनी कठडा धरला आणि खाली उतरायचं सोडून पुन्हा वर, पक्षाच्या दालनाकडे चढायला लागल्या.

"मग ड्रायव्हर बदलायचा," त्या म्हणाल्या. "गाडी कशाला बदलायची?"