पिठातला बगळा

टोपली पालथी घालायची तेवढी बाकी होती, आणि उज्ज्वलाचं बोट पिठावर अधांतरी थांबलं होतं.

जिथं तिच्या सासूचा, रुपीबाईचा, जीव गेला, त्याच जागी तिनं गव्हाचं पीठ चाळून पातळ पसरलं होतं. शेजारी दिवा. उद्या दहावं. आदल्या सांजेला असं पीठ पसरून झाकायचं आणि सकाळी टोपली उचलून पाहायचं, गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं. गाईचं खूर, पाखराचा पाय, काहीतरी उमटतंच म्हणतात. नाही उमटलं तर जीव रुसून गेला. शेजारच्या नंदाबाईकडे मागच्या साली पीठ कोरं निघालं, तर त्या घरात अजून कोणी मोठ्यानं हसत नाही.

आणि इथं सासरा, नागोराव, नऊ दिवस नुसत्या चहावर होता.

"पाऊल नाही उमटलं तर बुढीनं मले माफ नाही केलं समजा," तो म्हणाला होता. "मंग मी अन्नाले शिवत नाही."

कशाची माफी, ते कोणी विचारलं नाही. त्याला काही विचारायची या घरात पद्धतच नव्हती. डॉक्टर मात्र बोलून गेला होता, असंच चाललं तर बुढा पंधरा दिवस काढत नाही. म्हणून उज्ज्वलानं ठरवलं, आपणच पाखराची तीन बोटं ओढून द्यावी. पाप तर पाप. म्हातारा जेवेल तरी.

पण बोट काही खाली टेकेना. बावीस वर्षं त्या बोटानं एक रेघ ओढली नव्हती. माहेरी, बाभुळगावच्या शाळेत, चित्रकलेच्या परीक्षेत तिला 'अ' श्रेणी होती. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं मागच्या भिंतीवर गेरू आणि चुन्यानं झाड काढलं. सासूनं शेणाचा हात फिरवून ते पोतारून टाकलं. तिनं पुन्हा काढलं. सासूनं पुन्हा पोतारलं. तिसऱ्यांदा सासूनं आपल्या जुन्या भाजल्या हातानं तिचं मनगटच धरलं. "या घरात राह्यचं असंन तर हात आवर, पोरी!" त्या दिवशी उज्ज्वलानं कुंचला स्वतःच चुलीत घातला. पुढं तिनं सासूचं दुखणं काढलं, तोंडात पाणी घातलं, सगळं केलं. पण त्या भिंतीची माफी तिनं सासूला कधी दिली नाही.

बाहेर मंडपवाल्याशी नवऱ्याची फोनवर झकाझकी चालली होती. नणंद, बेबीताई, पाहुण्यांना वाढत होती. उज्ज्वलानं श्वास धरला आणि बोट टेकवलं.

तीन रेघा. झालं पाऊल. आता उठावं ना? पण पावलावर पाय नको का? तिनं पाय ओढला. एक पाय पाण्यात, तर दुसरा वर धरलेला हवा. मग पोट. मग पंख. पुरे कर बाई, मन म्हणत होतं, आणि बोट ऐकायलाच तयार नाही. मान तर एका झटक्यात आली, वाकडी, ऐटदार, नाल्यावरच्या बगळ्याची असते तशी. अरे बाप्पा! हात विसरला नव्हता! तिला इतका आनंद झाला की ती हसली. चक्क सुतकाच्या घरात, दिव्यासमोर, एकटीच हसली.

आणि मागून तंबाखू-चुन्याचा वास आला, सासूच्या पदराला यायचा तसा.

पाठीला गार लागलं. कोणीतरी अगदी जवळ उभं होतं, खांद्यावरून वाकून पाहत होतं. आता शेणाचा हात येईल, तिनं मान आत ओढली. "पुसा, आत्याबाई," ती पुटपुटली. "पुसून टाका आता."

कोणी पुसलं नाही. वास तसाच राहिला. मागचं माणूस जणू वाट पाहत होतं. उज्ज्वलानं बगळ्याला डोळा काढला, आणि वास गेला.

"वहिनी, झाकलं का नाही?" बेबीताई ओरडली. उज्ज्वलानं घाईनं टोपली घातली. मेलेलं माणूस पाऊल तेवढं ठेवतं, असा डोळ्यापंखांचा बगळा नाही काढून ठेवत, हे तिला झाकल्यावर सुचलं. पण झाकलेली टोपली सकाळपर्यंत उचलायची नसते.

सकाळी घर भरलं. बेबीताईनं टोपली उचलली आणि तिचा हात तसाच राहिला. उज्ज्वलानं दाराकडं पाहिलं. आता बिंग फुटणार, मेलेल्याची थट्टा केली म्हणून आज माहेरी धाडतात!

नागोराव रांगत पुढं आला. पिठाकडं पाहता पाहता त्याला रडू फुटलं. "तिचंच हाय! ती असेच पाखरं काढे."

"मायले कुठं चित्र येत होतं, बाबा?" बेबीताई म्हणाली.

"येत होतं. नवी नवरी असताना भिंत भरून काढलं होतं तिनं. गावातले लोक पाह्यले आले, ते मले नाही खपलं. तिचा हात धरून म्या चुलीत घातला. मंग तिनं कधीच नाही काढलं." त्यानं डोळे पुसले. "पण आज काढलं. म्हंजे माफ केलं मले. वाढा वो कोणी, जेवतो मी."

ताट आलं. माणसं हुंदके देत होती. उज्ज्वला जागची हलली नाही. सासू चिडत नव्हती, सुनेचा हात चुलीपासून वाचवत होती. बावीस वर्षं! आणि आपण तिच्याशी धड बोललोही नाही. म्हाताऱ्यानं घास उचलला तेव्हा ती पुढं झाली. या घरात त्याच्यासमोर तिचा आवाज असा कोणी ऐकला नव्हता.

"मामाजी, आत्याबाईनं काहीच उमटवलं नाही. हा बगळा म्या काढला."