दहावा प्रश्न

ऐंशी ओलांडलेल्या माणसाने घरी एकटं राहायचं की सांभाळगृहात जायचं, हे आता भिंतीवरचा डबा ठरवायचा. दरवर्षी दहा प्रश्न. चाचणी संपेपर्यंत सांभाळगृहाची गाडी खाली उभी असायची. शेजारच्या गोदाक्कांना तर नेताना चपलाही घालू दिल्या नव्हत्या.

सगुणाबाईंची नऊ उत्तरं अचूक आली.

"आपल्या पतीचं नाव सांगा," डबा म्हणाला.

लग्नाला साठ वर्षं झाली, पण ते नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"आमचे हे... सुनंदाचे वडील."

"उत्तर अपूर्ण. वीस सेकंद शिल्लक."

"आठवतंय रे मला! पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं!"

"दहा सेकंद."

खाली गाडी सुरू झाली.

"हणमंत!" त्या किंचाळल्या. "हणमंत बापू साळुंखे!"

"उत्तर बरोबर."

सगुणाबाई मटकन खाली बसल्या. मग हार घातलेल्या फोटोकडे बघून त्यांनी हात जोडले. "चुकलं हो माझं. रागावू नका."

"घरात दुसरं कोणीही नाही," डबा म्हणाला. "आपण कोणाशी बोलत आहात?"

दाराचं कुलूप आपोआप उघडलं. जिन्यावर सांभाळगृहाच्या माणसांची पावलं वाजली.