उजवी पाकळी

गुरवाच्या यशवंताने कादंबरी लिहिली आणि घरचंच गुपित फोडलं: देवाचा कौल लावताना वडील हवी ती पाकळी सैल चिकटवतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार.

देवावर आणि बापावर आळ घेतला म्हणून गाव भडकलं. यंदा याला पालखीला खांदा लावू द्यायचा का? "देवालाच विचारा," मानकरी म्हणाले.

वडिलांनी मुलाकडे न बघता मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. यशवंता हळूहळू दाराकडे सरकला. तेवढ्यात उजवी टपकन पडली.

पालखी नाचवून घामाघूम झालेला यशवंता वडिलांच्या कानाशी लागला. "उजवी सैल लावलीत ना, बाबा?"

"सैल डावी होती, मेल्या," वडील म्हणाले. "आता हेही लिही."