तीस फेब्रुवारी

तीन ब्राउझर आणि तीन तऱ्हा. वेबसाइटच्या फॉर्ममधल्या एका तारखेने अकरा दिवस तिच्या नाकी नऊ आणले होते. एक ब्राउझर बरोबर दाखवायचा, दुसरा एक दिवस मागे जायचा, तिसरा सरळ ‘अवैध’ म्हणून मोकळा व्हायचा.

“ताई, चहा घेऊन येतो. दोन मिनिटं,” म्हणत शेजारचा टेस्टर पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडत उठला.

तिने कोडमध्ये तारखेचं वर्ष, महिना, दिवस सुटे करून दिले. एकदाचं तिघांचं एकमत झालं.

खात्री करायला तिने तीस फेब्रुवारी टाकली. तिघांनीही ती मार्चमध्ये ढकलली. ते बरोबरच होतं. कॅलेंडरात नसलेली तारीख दिली, की ब्राउझर ती पुढच्या खऱ्या दिवसावर नेऊन ठेवतो.

मग तिने आजची टाकली, चौदा जून. तिघांनी पंधरा दाखवली.

तिने डोळे चोळले. तेरा टाकली, तेराच आली. पुन्हा चौदा टाकली. पंधरा.

पाठीमागे टेस्टरची पावलं वाजली. ती वळली. त्याच्या अंगात निळा शर्ट होता.

“ताई, काल कुठे गेला होतात?” तो म्हणाला. “मी चहा घेऊन आलो, तर खुर्ची रिकामी. दिवसभर वाट पाहिली.”