गंजाचे ओघळ

"वाकडं आहे," बाबा म्हणाले.

तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. नऊ वाजले होते. अकराला रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं, आणि वीतभर उंचीचा तिचा पाण्याचा टॉवर टेबलावर असा झोकात उभा होता की सकाळपासून तिने चहासुद्धा उभ्यानेच घेतला होता. तीन महिन्यांपूर्वी तो सुट्या भागांच्या खोक्यातून आला, तेव्हा गुळगुळीत आणि गुलाबी होता. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायच्या आणि संध्याकाळी याच्याशी खेळत बसायचं. भाग जोडायला आठवडा लागला. बाकीचे दिवस त्याला म्हातारा करण्यात गेले. विटांवर पातळ काळा रंग फिरवला, खडूची पूड चोळली, टाकीखाली सगळ्यात बारीक ब्रशने गंजाचे ओघळ काढले. "लोक जुनं घासून नवं करतात, आमची लेक नवं आणून मळवते," असं आई आल्यागेल्याला सांगायची.

पण टॉवर साधासुधा नव्हता. स्टेशनाजवळच्या खऱ्या टॉवरची ती हुबेहूब नक्कल होती, आणि तो खरा टॉवर पस्तीस वर्षांपूर्वी बाबांनी बांधला होता. बाबा गवंडी. कुणाच्याही कामाला "बरोबर आहे" असं त्यांच्या तोंडून निघालेलं घरात कुणी ऐकलं नव्हतं. तिची शाळेतली चित्रं, तिने शिवलेला पहिला झगा, भिंतीवर ठोकलेला खिळा, सगळ्यावर एकच शेरा. आज तरी तो दुसरा शब्द ऐकायला मिळेल असं तिला मनापासून वाटत होतं. बक्षीस काय, मिळालं तर मिळालं.

"काय वाकडं आहे?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टॉवरला टेकेल इतके वाकले. "हे काळे जुने ओघळ बघ. विटांच्या कडेने सरळ खाली आलेत. आणि हे तांबडे? वर कडेपासून तिसऱ्या विटेशी निघाले आणि खाली पोचेपर्यंत चौथ्या विटेवर सरकले. पाणी ओळंब्याच्या दोरीसारखं सरळ खाली उतरतं गं. वाऱ्याने एखादा थेंब हलेल, सगळेच्या सगळे ओघळ एका बाजूला कसे जातील?"

"मी मनाने काहीच काढलेलं नाही, बाबा!" तिचा आवाज चढला. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. "गेल्या रविवारचा फोटो. टाकी यंदा गळायला लागली, त्याचे हे नवे ओघळ. कडेपासून वीट मोजा. तिसरी. आता खाली. चौथी!"

बाबांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग चष्मा नाकावर घेतला आणि तिसऱ्यांदा मोजलं. त्यांना पुन्हापुन्हा मोजताना पाहून तिला आधी आनंद झाला. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी सरळच पडत असणार. मग तिरकं काय होतं?

"प्रदर्शन कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"टॉवरखालच्या शेडमध्ये."

बाबा धावले. गुडघ्यांच्या नावाने रोज खडे फोडणारा माणूस माळ्यावरची हत्यारांची पिशवी एका दमात काढून खाली हजर झाला. ती स्कूटरवर पुढे, बाबा मागे, त्यांच्या मांडीवर तिचा टॉवर, खिशात त्यांचा ओळंबा. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत होते, "सांभाळून! याची टाकी निघेल!"

शेडमध्ये टेबलं लागली होती. दोन शाळांची मुलं रांगेत आत शिरत होती. स्टेशनमास्तरांनी बाबांना हसून हात केला. "या काका! तुमच्याच टॉवरच्या सावलीत ठेवलंय प्रदर्शन."

"मुलांना जरा थांबवा," बाबा म्हणाले.

"अहो, हा टॉवर शंभर वर्षं हलत नाही असं तुम्हीच सांगायचा की!"

बाबांनी खिशातला ओळंबा तिच्या हातात दिला. ती टॉवरच्या लोखंडी शिडीवरून सरसर वर चढली. वर पोचल्यावर तिने शेडच्या बाजूला ओळंब्याची दोरी सोडली. पितळेचा गोळा झुलत खाली आला. बाबांनी तो हलकेच धरला, थांबवला आणि सोडला.

"वर किती अंतर आहे?"

"दोन बोटं!" ती वरून ओरडली.

बाबांनी खाली भिंत आणि दोरी यांच्यामध्ये हात घातला. अख्खी वीत आरामात मावली. शेजारीच, यंदा गटारासाठी खणलेला चर शेड आणि टॉवरच्या मधून, टॉवरच्या पायाला लागून गेला होता. मास्तरांनी चराकडे पाहिलं, वितीकडे पाहिलं आणि गळ्यातली शिटी तोंडात घातली.

पुढच्या पाच मिनिटांत मुलं मैदानात होती. टेबलंही हातोहात बाहेर गेली. मुलांना तर प्रदर्शनापेक्षा हेच आवडलं. टाकीचं पाणी सोडून द्यायला माणूस धावला. ती शिडीवरून उतरली तेव्हा तिला हसू येत होतं.

मास्तर घाम पुसत मैदानात आले. बाबांच्या हातात पुन्हा तिचा टॉवर होता. "काका, आम्ही रोज याच्याखालून जातो. तुम्हाला कसं कळलं?"

"मीही रोज जातो. मला सरळच दिसायचा." बाबांनी तो वीतभर टॉवर मास्तरांपुढे धरला, लोक देवाची मूर्ती धरतात तसा, दोन्ही हातांनी. "हिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "वाकडं माझं आहे."