वन्संचं मार्कर

“ही नको,” म्हणत वहिनीने ती लांबलचक नळी दुकानदाराकडे परत सरकवली. नणंदेचं तोंड एवढंसं झालं. दुकानातली सगळ्यात देखणी वस्तू होती ती. काळी, चकचकीत, नुसती पाहूनच समोरच्याने शरण यावं अशी.

पेंटबॉलच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर एकाच घरातल्या दोघींचा डोळा होता. रविवारी चाचणी होती. वहिनी लग्नाआधीपासून खेळायची. नणंदेला हे वेड लागलं ते वहिनीचं पाहूनच. तिच्याकडे नवशिक्यांचं साधं मार्कर होतं. म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूकच, पण बंदूक म्हटलं की वहिनी रागवायची. त्या मार्करला नवं काय बसवावं हे नणंदेला कळेना. घरात त्यातलं कळणारं माणूस एकच आणि नेमकं तेच प्रतिस्पर्धी. दादाला विचारावं तर तो म्हणाला, “मला या घरात सुखाने राहायचंय.”

“लांब नळीने नेम लागतो असं कुणी सांगितलं तुला?” वहिनीने एक आखूड, अगदी साधी नळी उचलली आणि तिच्यात रंगाची गोळी टाकली. “हे बघ. आपोआप घरंगळली तर नळी सैल. घट्ट रुतून बसली तर लहान. ही थांबलीय ना? आता फुंकर मार.”

नणंदेने फुंकर मारली. गोळी टपकन वहिनीच्या तळहातावर आली.

“जमलं. हीच घ्यायची.”

मग वहिनीने तिला दुहेरी काचेचा मास्क घ्यायला लावला. चष्म्यांच्या दुकानात दिवसभर भिंगं घासणारी बाई ती, काचेच्या बाबतीत कुणाचं ऐकणार नव्हती. “धापा टाकायला लागलीस की साध्या काचेवर वाफ धरते. दिसलंच नाही तर नेम कशावर धरणार, वन्सं?” लाडात आली की ती नणंदेला वन्सं म्हणायची.

इथवर ठीक होतं. पण नणंदेने झटपट चालणारा ट्रिगर मागितला, तेव्हा वहिनीने साफ नाही म्हटलं.

“तुझ्या मार्करला तर आहे,” नणंद म्हणाली.

“तुझं बोट आधीच घाईत असतं. त्याला आणखी पळायला शिकवायचं नाही.”

ही गोष्ट मात्र नणंदेच्या मनात सलत राहिली. कचेरीत मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, “धन्य आहेस. जिच्याशी लढायचं तिच्याकडूनच तलवारीला धार लावून घेतेस?” नणंद हसली खरी, पण संध्याकाळी एकटीच दुकानात गेली. लांब नळी हातात घेतली. तिच्यात गोळी टाकली. फुंकर मारायच्या आतच गोळी दुसऱ्या टोकाने निघून फरशीवर फुटली. नणंदेने फरशी पुसून दिली आणि काही न घेता घरी आली. नळीचं वहिनी खरं बोलली होती. ट्रिगरचं काय, ते कळायला मार्ग नव्हता. आपण जिच्यासारखं व्हायला धडपडतोय तिच्यावरच संशय घेतोय, याची तिला लाज वाटत होती, आणि तरी तो जात नव्हता.

रविवारी मैदानात हवा भरलेल्या मोठमोठ्या आडोशांमागे दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. संघाच्या कॅप्टनने शिट्टी वाजवली आणि वहिनीने गोळ्यांचा नुसता सडा घातला. नणंदेला डोकं वर काढता येईना. वहिनीचं धावणं, वाकणं, एका आडोशामागून दुसऱ्यामागे सटकणं पाहून तिला एवढ्या धुमश्चक्रीतही कौतुक वाटलं. स्वतःचा संथ ट्रिगर ती जपून, एकेकदाच ओढत होती. दुसरं काही करताच येत नव्हतं.

मग पलीकडचा मारा एकाएकी थांबला. वहिनीचा गोळ्यांचा डबा रिकामा झाला होता. नणंदेचा अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता. ती धावत बाजूने पुढे गेली. वहिनी डबा भरून वळतच होती. नणंदेने नेम धरला, एकच गोळी मारली आणि वहिनी आडोशामागे दिसेनाशी झाली. चुकली, नणंद मनात म्हणाली. कॅप्टननेही शिट्टी वाजवली नाही.

तेवढ्यात आडोशावर वहिनीचा हात उंच झाला. “लागली,” ती ओरडली आणि मैदानाबाहेर चालू लागली. पाठीवरच्या पट्ट्याखाली पिवळ्या रंगाचा डाग होता. तो तिच्याशिवाय कुणालाच कळला नसता.

कॅप्टनने नणंदेच्या पाठीवर थाप मारली. जागा तिची झाली होती. तिकडे वहिनी बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत दादाला फोनवर सांगत होती, “तुझी बहीण जिंकली रे. कशी खेळली, सांगते घरी आल्यावर.”

नणंदेला राहवेना. ती कॅप्टनला बाजूला घेऊन म्हणाली, “खरं सांगा. वहिनी मुद्दाम हरली का?”

“ती? मुद्दाम?” कॅप्टन हसली. “खेळात ती सख्ख्या आईलाही सोडणार नाही.”

“मग एकाच जागेसाठी लढायचं असताना मला एवढं शिकवलं कशाला?”

कॅप्टन म्हणाली, “म्हणजे तिने तुला सांगितलंच नाही? अगं, ही जागा मी मागच्याच महिन्यात तिला दिली होती. तीच म्हणाली, माझ्या नणंदेचं मार्कर आधी धड होऊ दे, मग आमच्या दोघींची चाचणी घे.”