एकच मंगळवार

टॅबिथाने केकवरचं फडकं उचललं, पाहिलं, पुन्हा झाकलं. बाबा अजून आले नव्हते. नदीपलीकडे धाकट्या बहिणीच्या, ड्रुसिलाच्या, धुराड्यातून धूर निघत होता.

"गेले असतील तिच्याकडेच," ती पुटपुटली. "लाडकी ना ती."

दर निवडणुकीला मनुका आणि ब्रँडी घालून ती हा मोठा केक करायची. मत पुरुषांचं, केक बायकांचा, अशी रीत होती. राष्ट्राध्यक्षासाठी नदीच्या अलीकडे, ओहायो राज्यात, शुक्रवारी मतदान व्हायचं, पलीकडे केंटकी राज्यात सोमवारी. म्हातारा एनॉक, दोघी बहिणींचा बाप, होडीतच राहायचा. शुक्रवारी तो टॅबिथाच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत केक खायचा. "ड्रुसिलाला असा जमत नाही," म्हणायचा. सोमवारी ड्रुसिलाकडे जायचा. तिथे तो काय म्हणत असेल, हे टॅबिथाला पुढच्या निवडणुकीपर्यंत सलत राहायचं.

यंदा, १८४८ साली, नवा कायदा लागू झाला. सगळ्या देशाने एकाच मंगळवारी मत द्यायचं. म्हणजे बाबांना एकच काठ निवडावा लागणार होता.

दुपार कलली तशी तिने केक उचलला आणि पलीकडे जाणारी नाव गाठली. ड्रुसिला धक्क्यावरच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबांना पोटभर घातलंस ना, ताई? आता उरलेला मला दाखवायला आणलास?"

"उरलेला? सुरी तरी लागलीय का बघ. तुझ्याकडे नाहीत ते?"

"माझ्याकडे असते तर इथे उन्हात उभी राहिले असते होय?"

बाबांना शोधायला दोघींनी एकच नाव केली. एनॉकची होडी पात्रातल्या वाळूच्या बेटाला बांधलेली होती. तो निवांत मक्याची भाकरी खात होता.

"मत दिलं नाहीत?" टॅबिथाने विचारलं.

"सकाळीच दिलं. यंदा एकदाच."

"एकदाच म्हणजे?"

म्हाताऱ्याने भाकरी खाली ठेवली. "दरवेळी दोन द्यायचो. अलीकडे सांगायचो, टॅबिथाकडे राहतो. पलीकडे सांगायचो, ड्रुसिलाकडे. मग चार माणसांना मी तुमच्या दारात खाताना दिसायला नको? त्या केकपायी पोट बिघडायचं माझं. आता एकच दिवस. सुटलो."

ड्रुसिलाने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने धाकटीकडे.

मग दोघींनी एकदमच विचारलं, "यंदा कुणाकडे राहतो म्हणून सांगितलंत?"